लांडग्याचा जबडा

अमेरिकेतल्या शीबॉयगन गावचा टपालवाला आर्लन व्होस्कल रविवारी दुपारी तळघरातल्या टेबलाशी बसला, की त्याचा डावा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही. टेबलावर फासे, पेन्सिली, चीजची बशी आणि त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा. खेळ गोष्टीचा : बाकीचे एकेक वीर व्हायचे, आणि वाटेतले राक्षस, डाकू, जनावरं सगळी तोच चालवायचा, आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकून. आकडा तो तोंडी सांगे. अकरा वर्षांत आडोशामागे कुणी डोकावलं नव्हतं. तशी रीतच नव्हती.

ऑक्टोबरात टपाल वाटताना एका गल्लीत कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. नऊ टाके पडले. मग हिवाळाभर तो ऑफिसात पत्रं लावत बसला आणि तिथंच त्याला खेळासाठी स्वतःचा एक नियम सुचला : जनावर चावलं की सोडत नाही, फासा पंधराच्या वर पडला तरच सुटका, नाहीतर दर फेरीला नवी जखम. तेव्हापासून टेबलावर नुसता उच्छाद. ड्रॅगनला न भ्यालेले वीर मेंढपाळाच्या कुत्र्यांनी फाडून खाल्ले. दोघं खेळगडी वैतागून यायचे थांबले. उरली लोर्ना डीपीस आणि तिचा नवरा क्लेम.

आज खेळातली लोर्नाची ब्रुन्हा, अकरा वर्षं जपलेली बुटकी लढवय्यी, लांडग्याच्या तोंडात सापडली होती. ही मेली तर आपलाही रविवार घरी, असं लोर्नानं आधीच बजावलं होतं.

आडोशामागे फासा खडखडला.

"सहा," आर्लन म्हणाला. "सुटत नाही."

"तिसऱ्यांदा सहा? सहाचं घाऊक दुकान काढलंयस का रे?" लोर्नानं हात लांबवून आडोसा सरळ आडवा केला.

फाशावर अठरा होता.

क्लेम चीज चघळायचा थांबला. आर्लनचे कान लाल झाले.

लोर्ना चिडली असती तर बरं झालं असतं. जनावरांच्या दवाखान्यात वीस वर्षं कुत्री धरणारी बाई ती. ज्या आवाजात बिथरलेल्या कुत्र्याशी बोलायची, त्याच आवाजात बोलली. "सोडतात रे ती. आज ना उद्या जबडा दमतोच. तुला चावलेल्यानंही सोडलंच की."

"त्यानं सोडलं," आर्लन पोटरी चोळत म्हणाला. "मला अजून सुटल्यासारखं वाटत नाही. आणि उद्यापासून परत तीच गल्ली."

क्लेमनं चीजची बशी त्याच्याकडे सरकवली, ती आर्लननं नुसती फिरवली.

"अठरा," शेवटी तो म्हणाला. "सुटली ब्रुन्हा."

"आणि लांडगा? पळाला?"

"नाही. समोर उभाय. बघतोय तिच्याकडे."

"मग ब्रुन्हाही उभी राहते. टाक फासा."

टेबलाखाली पाय हलतच होता. आर्लननं फासा उचलला, पडलेल्या आडोशाकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत टाकला.