विमानतळ कुणी काढला?

चहा घ्या, पण तोंडातला घोट गिळा आधी. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. तर सांगते, माझ्या हातून विमान पडलंय. हो, विमान. आपल्या मलकपेठेत.

मी चौथी शिकलेली बाई. जन्मात विमानात बसले नाही. तरी पडलं.

झालं काय, आमचे हे नोकरीतून रिटायर झाले आणि खुर्चीत रुतून बसले. फिरणं बंद, बोलणं बंद. जेवायला हाक मारली तरी नुसतं "हूं". शेवटी मुलानं कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात विमान उडवायचा खेळ घालून दिला. काय सांगू, माणूस जागा झाला. रोज सकाळी हैदराबादवरून एक चक्कर आणि मग नाश्ता. मला काय, विमान तर विमान, नवरा बोलू तर लागला.

पण यांचे ऑफिसातले जुने दोस्त कुलकर्णी. त्यांना सुख बघवतंय होय? "काय कॅप्टन, आज कुठं आपटलात?" रोजचं टोचणं. यांनी एकदा चिडून सांगितलं, "रविवारी या. शमशाबादच्या विमानतळावरून उडवतो, शहरावरून चक्कर मारतो आणि परत तिथंच उतरवतो. तुमच्या डोळ्यांदेखत."

"उतरवलंत तर हात जोडून कॅप्टन म्हणेन. नाहीतर हा नाद सोडायचा आणि माझ्याबरोबर पत्ते कुटायला यायचं. कबूल?"

"कबूल."

नाद सुटला की हे परत त्या खुर्चीत. परत "हूं".

रविवार उजाडला, हे चित्र आणखी झकास करायला गेले आणि ते बिघडलं. चांगलं दिसायला लावलं की विमान अफझलगंजच्या सिटीबससारखं गचके खायचं. गचके घालवले की चारमिनार विरघळलेल्या साबणासारखा दिसायचा. म्हटलं, ही काय भानगड?

"अगं, आत ग्राफिक्स कार्ड असतं. चित्र तेच काढतं," हे म्हणाले. "त्याची ताकद ठरलेली. ढग, सावल्या, झाडं, सगळ्यांना त्यातूनच द्यायचं. सगळंच भारी मागितलं की ते दमतं आणि चित्र अडखळतं."

"म्हणजे पगार एक आणि मागणारे दहा."

"तसंच समज."

"मग जे दिसतच नाही त्याच्यावर उधळता कशाला?"

हे पाहुण्यांसाठी उस्मानिया बिस्किटं आणायला पिशवी घेऊन निघाले. "हात लावू नकोस," जाता जाता म्हणाले. टीव्हीच्या रिमोटबद्दलही हेच म्हणतात.

मी लावला हात.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण सकाळपासून यांचं बघत होते. ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीत एक बटण. उजवीकडे सरकवलं की चित्र भारी, डावीकडे सरकवलं की हलकं. वर कोपऱ्यात एक आकडा. आकडा वाढला की गचके कमी. मी म्हटलं, सोपं आहे. सरकवून बघायचं. फरक दिसला तर ठेवायचं, नाही दिसला तर छाटायचं. घर असंच चालवलंय मी.

ढगांत फरक होता. कापूस पिंजून ठेवल्यासारखे झाले. ठेवले. पायलटच्या खुर्चीत फरक होता. शिवण दिसायला लागली. ठेवली. मग एक ओळ आली, तिला उजवीकडे ढकला, डावीकडे ढकला, काही म्हणजे काही होईना. जवळ जाऊन बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. तोच पुसट पट्टा. म्हटलं, ही ओळ नुसती बसून खाते. टाकली पार डावीकडे.

आकडा टुणकन वर गेला.

हे आले, बघतात तर विमान तेल घातलेल्या झोपाळ्यासारखं. "कुणी केलं?" म्हणाले. "केलं कुणीतरी," म्हटलं. असं कौतुकानं यांनी मला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

कुलकर्णी आले. शेजारच्या शहनाझ आपाही चष्मा पुसत आल्या. विमान उडालं. काय ते ढग, काय ती शिवण. मी जिंकलेच होते.

"आता खाली नामपल्ली स्टेशन दिसेल," हे म्हणाले.

दिसलं नाही.

"आता मूसी नदी."

तीही नाही. खाली सगळा हिरवट-तपकिरी गिचका.

"धुकं पडलंय," हे म्हणाले.

"मे महिन्यात?" कुलकर्णी.

"भाईसाब, नीचे तो पूरी पतली दाल दिखरी," शहनाझ आपा.

हे घामाघूम. विमान वळवतायत, परत वळवतायत. "विमानतळ इथंच कुठंतरी पाहिजे." मी धीर दिला. म्हटलं, "खाली उतरून विचारून घ्या कुणाला तरी."

खाली आले तशी एकदम नाकासमोर घरं उगवली. मग एक लांबट मोकळी जागा. यांनी टेकवलं विमान. तेवढ्यात समोर कठडे आले.

"अहो, हा रेसकोर्स," कुलकर्णी ओरडले. "मलकपेठचा. दर शनिवारी मी इथं..." आणि जीभ चावली.

विमान प्रेक्षकांच्या बाकांत घुसलं. पडदा काळा.

"मग, उद्यापासून पत्ते?" कुलकर्णी म्हणाले.

"हूं," हे म्हणाले.

तो "हूं" ऐकला आणि म्हटलं, गेले हे परत खुर्चीत. पण यांनी कॉम्प्युटर बंद करता करता सेटिंग उघडलं आणि थबकले. "लांबचं दिसणं पार बंद? विमानतळ कुणी काढला?"

"मी काढला," म्हटलं. मी घाबरते काय? "फरक होता का काही? दाखवा."

यांनी खेळ परत सुरू केला, लांबून विमानतळ समोर घेतला आणि बटण सरकवलं. इकडे, तिकडे.

"वहिनी, जमीन-अस्मानाचा फरक आहे," कुलकर्णी म्हणाले.

"भाभी, वो क्या, लंबी पट्टी, बाजू में दिये," शहनाझ आपा म्हणाल्या.

"कुठाय? सगळे मिळून मला येडी बनवताय?"

वर्षभर हे चष्म्यासाठी मागे लागलेत आणि मी म्हणते, डाळीतला खडा मी बोटांनी ओळखते, मला कशाला चष्मा? शहनाझ आपांनी स्वतःचा चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला.

होता हो विमानतळ. लांब, सरळ, दोन्ही कडांना दिव्यांच्या माळा.

यांनी ढग अर्धे केले, खुर्चीची शिवण उसवून टाकली, लांबचं सगळं परत आणलं. कुलकर्णींनी मोठं मन केलं, आणखी एक संधी दिली. रेसकोर्सचं घरी कळू नये म्हणूनही असेल. चक्कर मारून विमान असं अलगद टेकलं की कुलकर्णी उठले आणि खरंच हात जोडले. "कॅप्टन," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी सोडून. कारण चष्मा अजून माझ्याच नाकावर होता आणि माझी नजर विमानतळावरून वर सरकली होती. तुम्हाला माहितीय, अख्ख्या गल्लीत कुणाच्या पंख्यावर धूळ आहे ते मी तोंडावर सांगते. आणि माझ्या घरात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटभर धूळ, पडद्यापासून भिंतीपर्यंत हे एवढं जाळं, त्यात कोळी सहकुटुंब.

मी शहनाझ आपांकडे बघितलं. त्या कानाशी आल्या.

"हौ भाभी, कब का है. तुमकू बोलने की हिम्मत किसकू?"