अर्धी राहिलेली रेघ

परवा वाशीमला कबड्डीच्या मैदानावर पोरं रेघा मारत होती. फक्कीचा, म्हणजे रेघांच्या पांढऱ्या भुकटीचा, तो कोरडा, घशाला झोंबणारा वास आला आणि माझा उजवा हात आपोआप खिशात गेला.

याच हाताचं बोट. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा वर्गप्रतिनिधी मत देऊन विद्यापीठाचा प्रतिनिधी निवडत. मतदानाआधी उमेदवारांची माणसं त्यांना जीपमध्ये घालून ‘सहलीला’ नेत. आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची. आमच्या वर्गाचा प्रतिनिधी होता किन्हीराजा गावचा विलास, आमच्या कबड्डी संघाचा सगळ्यात चपळ गडी आणि संमेलनाच्या नाटकातला राजा.

त्या दुपारी जीप मैदानाला लागून थांबली. तिघं उतरले. एकानं मला शांतपणे विचारलं, "विलास कोनता रे?"

मी ऐटीत बोट दाखवलं. "तो काय, रेघ मारून राह्यला."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाल, फिरून येऊ."

"मले तालमीले जा लागते, भाऊ."

"तालीम होत राह्यते. चाल."

फक्कीचं घमेलं तिथंच राहिलं. जीप निघाली तेव्हा विलासनं मागून हात वर केला. आम्हीही हसत हात हलवले.

मतदानाला तो नवाकोरा शर्ट घालून आला, खाली मान घालून मत दिलं, आणि पुन्हा कॉलेजात दिसला नाही. नाटकात राजा मी झालो.

तो निरोप घेत नव्हता, आम्हाला बोलावत होता, हे आता कळतं. ते तिघं होते, आम्ही सहा. आणि माणूस धरून ठेवायचा, हाच तर आमचा खेळ होता.