आक्षेपातली विहीर

माझ्या सासूबाईंना अख्खं गाव यमुताई म्हणायचं, म्हणून मीही इथं तसंच म्हणते. आमचं दोघींचं पटायचं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाजीतल्या मिठावरून आमचं वाजलं, डोक्यावरच्या पदरावरून वाजलं, माझ्या माहेरच्या माणसांवरून तर विचारूच नका. पण वाकायचं नाही म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकले. शिकवायला त्यांना कुठं वेळ होता! त्या आपल्या भांडत राहिल्या आणि मी बघत राहिले.

छप्पन साली, बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी, त्या मौद्याच्या वाटेवरच्या आमच्या गावाहून नागपूरला पायी गेल्या होत्या, माझ्या नवऱ्याला, तेव्हाच्या लहान पोराला, हाताशी धरून. परत आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत घातले आणि कन्हान नदीत सोडून दिले. त्यांच्या सासूनं आकांत मांडला. यमुताईंनी एवढंच विचारलं, "गावच्या विहिरीवर आपल्याले चढू देत नव्हते, तवा हे कुठी होते?" म्हातारी दोन दिवस जेवली नाही, पण देव काही परत आले नाहीत.

पुढं ग्रामपंचायतीत बाईची जागा भरायची होती. ही बौद्ध मोहल्ल्यातली बाई, कोपऱ्यात गप्प बसेल, अशा हिशेबानं मोठ्या लोकांनी यमुताईंना निवडून दिलं. माणसं किती चुकू शकतात ते बघा.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या वस्तीनं नाल्याच्या वाळूत खणलेले झिरे खरवडून काढला. त्यानंतर केंद्र सरकारचं अनुदान आलं, हरिजन वस्तीत पिण्याच्या पाण्याची विहीर खोदायला. आम्हाला तो शब्दच नको होता. पण तहान लागलेली होती. आमचे ग्रामसेवक विश्वनाथभाऊ, माणूस भला, फक्त सावलीलाही भिणारा. त्यांनी विचार केला, राज्य सरकार बौद्धांनाही सवलती देतं, तेव्हा दिल्लीचंही तसंच असणार. त्यांनी कागदावर "हरिजन वस्ती" लिहिलं आणि पहिला हप्ता आला. विहीर खोदली. पाणी लागलं त्या दिवशी माझे सासरे आनंदराव, एरवी हूं की चूं न करणारा माणूस, चिखलात बसून रडले.

दुसरा हप्ता दगडी बांधणीसाठी यायचा होता. आमच्याकडची माती काळी. बांधणीवाचून पावसाळा आला की कडा आत बसणार आणि विहीर बुजणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तोवर आम्ही तोंडावर फळ्या टाकून, त्यावर उभ्या राहून पाणी शेंदत होतो. तरी वस्तीला हौस दांडगी. बैलगाड्या रंगवणाऱ्या लहानूनं टिनाची पाटी रंगवली, वर पंचशील झेंडा, खाली निळ्या अक्षरात "बौद्ध मोहल्ला सार्वजनिक विहीर". पाटी ठोकली तेव्हा पेढे वाटले होते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नागपूरहून ऑडिटचे साहेब आले. एसटीतून उतरले, घाम पुसला, विहिरीपाशी येऊन पाटी वाचली. मग वस्तीला विचारलं, "तुम्ही सगळे बौद्ध का?"

"हो साहेब, घरटी बौद्ध!" अख्खी वस्ती एका आवाजात ओरडली. लहानूनं तर झेंड्याकडे बोट दाखवलं. विश्वनाथभाऊंनी डोळे मिटून घेतले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं नीट समजावून सांगितलं. केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख असावा लागतो. बौद्ध झालात की त्या यादीतून गेलात. म्हणजे हा पैसा अपात्र लोकांवर खर्च झाला. आता आक्षेप निघणार, दुसरा हप्ता थांबणार आणि पहिल्याची वसुली ग्रामपंचायतीवर बसणार. मला तर काही सुचेना. ज्यांना शतकानुशतकं पाणी मिळालं नाही, त्यांनी देव बदलला म्हणून त्यांची तहान अपात्र? आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं.

विश्वनाथभाऊंनी वाट काढली. "यमुताई, एक अर्ज करू. आमी हिंदू महार आहो, पाटी चुकीनं लागली. सगळ्याइच्या सह्या. कागदच तं हाय!" लहानू पाटी उतरवायची म्हणून शिडी आणायला पळालासुद्धा. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पहिली सही पंचायत सदस्याची, म्हणजे यमुताईंची.

यमुताईंनी अर्ज हातात घेतला, पाहिला, परत केला. "कागदच हाय तं साहेबाइनं लिहावा ना, का हे लोक तहानलेले हायेत. त्याइले कागद बदलता येत नाही, आन् मी धर्म बदलू? देव नदीत सोडले मी. हप्त्यासाठी परत बुडी मारून काढू काय?"

साहेब ओशाळला. म्हणाला, "बाई, निदान यादीतलं एखादं घर आहे का इथं? तेही या विहिरीचं पाणी भरतं असं मला लिहिता आलं, तर काहीतरी बोलता येईल वरती."

विश्वनाथभाऊंच्या जिवात जीव आला. "हाय ना साहेब! रुखमाबाईचं घर. मातंग, हिंदू. हे काय, समोरच."

"ती बाई इथं पाणी भरते?"

सगळ्यांच्या नजरा विहिरीवरच्या फळ्यांकडे गेल्या. चाकावरच्या ओल्या दोराचं पाणी त्यांवर ठिबकत होतं.

रुखमाबाईचं घर दोर वळायचं. आमच्या विहिरीवरचा दोरही तिच्याच हातचा. पण त्या दोरानं तिनं कधी पाणी शेंदलं नव्हतं. ती घागर घेऊन फळ्यांच्या बाहेर, खाली जमिनीवर उभी राहायची आणि आमच्यातली कोणीतरी वरून ओतायची. गावच्या विहिरीवर आमच्या आयांना जसं ओतायचे, अगदी तसंच. आम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. चालत आलं होतं.

"भरते साहेब, रोज भरते!" दोघीतिघी एकदम बोलल्या.

"नाही भरत," यमुताई म्हणाल्या. "लिहा साहेब. आमी तिले चढू देत नाही."

"बाई, मी हे लिहिलं तर मग काहीच उरत नाही," साहेब हळूच म्हणाला.

"धर्म खोटा लिहून देत नाही, तं हे काहून खोटं लिहून देऊ?"

साहेबांनी लिहिलं आणि ते पंचायतीच्या कचेरीकडे निघून गेले. मागं वस्ती यमुताईंवर तुटून पडली. काय काय नाही बोलले लोक! शेवटी आनंदराव पुढं आले, लग्नानंतर पहिल्यांदाच आवाज चढवून. "पावसात विहीर बसली म्हंजे तुयं खरं बोलणं पिऊ काय आमी?"

गर्दीतून वाट काढत यमुताई सरळ रुखमाबाईच्या दारात गेल्या. मी मागोमाग.

रुखमाबाई अंगणात अंबाडीचा दोर वळत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "ऐकलं मी. तू बोलते तं बहिऱ्यालेही ऐकू येते वं. आता मले विहिरीवर न्यायले आली का? कागदासाठी?"

"कागद गेला साहेबासंगं."

"मंग?"

"पाणी दे प्यायले."

रुखमाबाईचे हात थांबले. आमच्या वस्तीतल्या कोणी तिच्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. "मायं पाणी पिशीन तू?"

"म्हणून तं मागून राहिली."

रुखमाबाई उठली, आतून माठ घेऊन आली आणि आमच्यासमोर पालथा केला. थेंब पडला नाही. "सकाळपासून तुमचं भांडण चालू हाय. आज ओतायले कोणी आलंच नाही."

यमुताई मटकन खाली बसल्या. नदीत देव सोडताना, गावकीशी भांडताना न हललेली ती बाई रडू लागली. पदर तोंडाशी न घेता, सगळ्यांना दिसेल असं रडली. शरम मलाही वाटली, पण मला लपवायला त्यांची पाठ होती. मग त्यांनी डोळे पुसले. "ऊठ, रुखमे. चाल, भर."

"तू म्हणते म्हणून नाही," रुखमाबाई म्हणाली. "मले तहान लागली म्हणून." तिनं घागर काखेत घेतली आणि कोणाकडे न बघता निघाली. तिचा तो ताठ चालण्याचा डौल बघून मला वाटलं, आमच्या सासूबाईंना जोड मिळाली.

ती फळ्यांवर चढली. एक बाई कुरकुरली, "आता आमी या विहिरीचं भरावं का?"

"नको भरू. जा झिऱ्यावर," यमुताई म्हणाल्या.

तेवढ्यात विश्वनाथभाऊ धापा टाकत आले. चेहरा नुसता फुललेला. "साहेबाची एसटी अजून यायचीच हाय! पळत जातो, सांगतो, भरते म्हणून. आता तं खोटं नाही ना!"

यमुताई त्यांच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार! ती सरकारले दाखवायले नाही आली."

एसटी आली, रस्त्यावर धूळ उडाली आणि साहेब गेला. रुखमाबाईनं घागर वर ओढली, लोटा बुडवला आणि आधी स्वतः प्याली. मग दुसरा भरून यमुताईंपुढं धरला.

दुसरा हप्ता शेवटपर्यंत आला नाही. आम्ही कन्हानच्या पात्रातून दगड वाहिले. कुरकुरणारी बाईही वाहत होती, रुखमाबाईचा नवरा आणि दीरही. पावसाआधी बांधणी उभी राहिली. ऑडिटचा आक्षेप मात्र मिटला नाही, आणि पाटी आम्ही काढली नाही. दरवर्षी नागपूरहून विचारणा यायची, सदर विहिरीचा लाभ नेमकं कोण घेतं. विश्वनाथभाऊ पेन उघडून यमुताईंना विचारायचे, काय लिहू?

"लिहा," त्या म्हणायच्या, "ज्याले तहान लागते तो."