बॉयलरपाशी बसणारे मामा

जगात जी संकटं यायची राहून गेली, ती आमच्या हिच्या मामांनी सतत भीत राहून थोपवून धरली आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. विमानात सगळे घोरत असताना मामा खिडकीतून पंखाकडे डोळे लावून बसतात आणि विमान सुखरूप उतरतं. अमेरिकेत त्यांच्या एडिसन गावी शेजाऱ्याने अंगणात बार्बेक्यू पेटवलं, की हे कुंपणाअलीकडे पाण्याची बादली घेऊन उभे. त्या शेजाऱ्याचं घर अजून शाबूत आहे, याचं श्रेय मामांना कुणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाला बायको मिळाली ती बोटीचं वेड असलेली. एडिसनहून चार तासांवर, डोंगरातल्या एका तलावात एक जुनी आगबोट अजून वाफेवर चालते. दर उन्हाळ्यात मामींना तिच्यात बसायचंच असतं. मामाही जातात, पण वरच्या डेकवर नाही. खाली काचेआड बॉयलर दिसतो, तिथे वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर ते ठाण मांडतात. पहिल्या वर्षी इंजिनवाल्याने त्यांना सरकारी इन्स्पेक्टर समजून कॉफी दिली होती. आता नुसतीच खुर्ची देतो. "मामा, वर चला ना, व्ह्यू मस्त आहे," मी एकदा म्हटलं. "तू एन्जॉय कर रे. मी इथे लक्ष ठेवतोय म्हणून तुमचा व्ह्यू आहे," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तो तलाव धड पाहिलेला नाही.

यंदा मामींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जपून जायला हरकत नाही म्हटलं, तरी मामांनी ट्रिप दोनदा कॅन्सल केली. शेवटी मामीच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय?" मामांनी निमूटपणे गाडी काढली.

बोट तलावाच्या मध्यावर आली आणि मामींना धाप लागली. मी जिन्यातून हाक मारली, तसे मामा काटा सोडून धावत वर आले. थोड्या वेळाने धाप ओसरली. मामी हसून म्हणाल्या, "अहो, बरी आहे मी. एकदा तरी डोंगर बघा."

"तू बघ. मला लक्ष ठेवू दे," मामा म्हणाले, आणि श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या मामींच्या शालीकडे टक लावून बसले.

मामांचा हा उपाय खरा असू दे, असं मला अगदी मनापासून वाटलं. बोट धक्क्याला लागेपर्यंत मीही डोंगर पाहिले नाहीत.