आधी नाव घ्या

गेल्या वर्षी शहागंजातल्या एका वाचनालयात इटलीतल्या एका कवयित्रीवर व्याख्यान होतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची बाई. लोकांनी विषय द्यायचा, व्हायोलिनवाल्यानं सूर धरायचा आणि हिनं उभ्या उभ्या कविता रचायची. रोममध्ये तिच्या डोक्यावर मुकुट चढवला, आणि त्याच रोममधल्या टवाळांनी तिच्याबद्दल इतकं घाण लिहिलं की तिला शहर सोडावं लागलं. हे सांगताना वक्ते प्राध्यापक गहिवरले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

मीही शीघ्रकविता करते. आमच्या संमेलनांत पुरुषांना विषय मिळतात मृत्यू, देश, काळ. मला लाटणं, सासू आणि सेल्फी. वीस वर्षं मी लाटण्यावर कविता करतेय आणि लोक पोट धरून हसतायत. त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, आज लाटणं नाही. आज माणसासारखा विषय मागून घ्यायचा.

व्याख्यान संपल्यावर सूत्रसंचालक माझ्याकडे वळले. "आपल्याकडंही आहेत की अशा एक मॅडम. या, या. पण आधी नाव घ्या."

म्हणजे उखाणा. नवऱ्याचं नाव यमकात बसवायचं, मगच पुढं बोलायचं. मघाशी डोळे पुसणारे गृहस्थ सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "घ्या, घ्या, लाजू नका." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला आई आठवली. बिडकीनची. डोहाळेजेवणाला कुणी म्हणावं, "काकू, चिंचेवर म्हणा," की ताट वाढून होईस्तोवर हिच्या आठ ओळी तयार. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, मधेच एखादी रडायची. बाहेरून वडील ओरडायचे, "टकळी बंद कर आता." मी इथं कॉलेजात शिकत होते तेव्हा तिला एकदा म्हटलं, "आई, लिहून ठेव ना." ती म्हणाली, "कशाला लिवायचं? उद्या दुसरं येतंय की." तिला गावात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती कायम कुणाची तरी बायको, नाहीतर माझी आई.

मी माईक घेतला.

"इटलीच्या बाईला रोमनं घातला मुकुट," म्हणाले, मग आईचं नाव घेतलं, अख्खं, सावकाश, आणि ओळ पुरी केली, "हिचं गाणं बिडकीनमध्ये गेलं फुकट."

टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक खुशीत म्हणाले, "वा! सासूबाईंचं नाव घेतलं. हुशार आहेत मॅडम."

"माझी आई आहे ती," मी म्हणाले. "तुमच्या या बाईसारखीच विषय मागून कविता करायची. तुमच्यापैकी एकानं तरी कधी अशा बाईसाठी डोळे पुसलेत का?" माझा आवाज चढला होता आणि चढला म्हणून मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

मग प्राध्यापक उठले. अगदी मनापासून म्हणाले, "ताई, त्यांच्या दोन ओळी ऐकवा ना."

मी तोंड उघडलं. चिंचेवरची आठवेना. वेणीवरची आठवेना. त्या पंगतींत मी कितीदा बसले होते, जेवले होते, हसले होते.

आईला सहीपुरतीच अक्षरं येत होती. घरात वही-पेन घेऊन बसणारी मी होते, आणि मी तिलाच म्हणाले होते, लिहून ठेव.