चाचांनी उतरवलेला सर्व्हर

आमच्या ऑफिसातले चाचा सकाळी जे उभं करायचे, ते संध्याकाळी स्वतःच्या हाताने मोडूनच घरी जायचे. वयाने सगळ्यांत थोर म्हणून ते चाचा. आम्ही रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. ते प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी नीट बोलतं का, हे तपासताना खऱ्या सर्व्हरला त्रास द्यायचा नसतो. म्हणून चाचा त्याच्यासारखी उत्तरं देणारा तात्पुरता सर्व्हर उभा करायचे. "मांडव ज्यानं घातला, त्यानंच सोडायचा," म्हणायचे. "तसाच ऱ्हायला तर लोक त्यालाच घर समजतेत."

नवीन असताना मी केलेला सर्व्हर प्रत्येक प्रश्नाला मुकाट उत्तर द्यायचा, आणि मला त्याचा कोण अभिमान. चाचा हसले. "बेटा, खरा सर्व्हर जावयावानी रुसतो, उशिरा येतो, कधी बोलतच नाय. ह्याला बी रुसाया शिकव." मग तासभर शेजारी बसून त्यांनी ते शिकवलं. माझी नोकरी टिकली ती अशा तासांवर.

फुलंब्रीहून रोज एसटीने येणाऱ्या या माणसाचे डोळे मधुमेहाने जात चालले होते. सर्व्हर उतरवण्याआधी, म्हणजे बंद करण्याआधी, पडद्यावरचा त्याचा क्रमांक बघावा लागे. तेव्हा ते म्हणायचे, "जरा नंबर वाचून दाखव गं, चष्मा घरी ऱ्हायला." चष्मा नाकावरच असायचा. मी वाचून दाखवायचे. धाकट्या लेकीचं शिक्षण होईपर्यंत त्यांना नोकरी रेटायची होती, हे मला ठाऊक होतं. डोळ्यांबद्दल आम्ही दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

एका संध्याकाळी त्यांनी नंबर वाचायला हाक मारली तेव्हा मी निघायच्या घाईत होते. "चाचा, बघा ना तुमचं तुम्हीच," म्हणाले. आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी दोन सर्व्हर चालू होते. क्रमांकात शेवटचा आकडा तेवढा वेगळा. एकाचा तीन, दुसऱ्याचा आठ. चाचांनी नको तो उतरवला. त्याच्यावर रुग्णालयाच्या लोकांची अखेरची चाचणी चालू होती, ती मध्येच बंद पडली.

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर जाब विचारला. चाचांनी डोळ्यांचं सांगून टाकलं आणि राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला.

"अहो, पण कोणाकडून तरी नंबर वाचून घ्यायचा," साहेब म्हणाले. "सोबत कोणीच नव्हतं का?"

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोई नै था, साहब," ते म्हणाले. "समदे गेल्ते."

आणि मी तोंड उघडलं नाही.