न शिजणारी तूरडाळ

आताची पोरं म्हणतात, किराण्याचं बिल जपून ठेवा, माल खराब निघाला तर दुकानदाराला परत घ्यावाच लागतो, ग्राहकाचा तो हक्क आहे. असेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, कायद्यातलं मला काय कळतं! पण बिलाशिवाय माल कसा परत करतात, ते मी माझ्या बायकोला करताना डोळ्यांनी पाहिलं आहे. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून घरात 'काहून?', म्हणजे 'का?', असं विचारणारं कोणी उरलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. आणे जाऊन नवे पैसे नुकते सुरू झाले होते. मी मूर्तिजापूरला कापसाच्या जिनात कामाला, घरी आई आणि आम्ही दोघं. बायको तिवशाकडची. तिकडे पाणी गोड. आमच्याकडे विहिरी खाऱ्या, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. प्यायचं आणि वरणाचं पाणी एकाच गोड्या विहिरीवरून भरायचं. तीही तेच भरायची. वरण चांगलं करायची. मग एकदा नवी डाळ आणली आणि सगळं बिनसलं. चुलीवर कितीही ठेवा, डाळ वेगळी, पाणी वेगळं.

दोन दिवस आईने तसंच वरण भातावर घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दिवाळीले येऊन राहिला ना तुया बाप? सांगतो त्याले, पोरीले घेऊन जाय आन वरन शिकवून धाड."

आई बोलली की करायची. असा निरोप माहेरच्या गावात गेला असता तर माझ्या बायकोला पाणवठ्यावर जायची सोय राहिली नसती. दुसरी कोणी रडत बसली असती. ही मला म्हणाली, "मले येवढंच पाहाचं हाये, दोष माह्या हाताचा, पान्याचा, का डाळीचा?"

"डाळीचा असला तं काय करशील?"

"वापस करीन."

"बिलाची चिठ्ठी कुठी हाये?"

"किरान्याची चिठ्ठी कोन देते जी?"

खरं होतं. पुडी बांधली, हातात दिली, संपलं. तिने उरलेली डाळ फडक्यात बांधली, अर्धंकच्चं वरण गंजातच, म्हणजे शिजवल्या पातेल्यातच, घेतलं आणि निघाली. मी मागून गेलो. मलाही पाहायचंच होतं.

दुकानदार म्हातारा होता, सारे त्याला काकाजी म्हणत. दुकानामागेच घर, मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकं उभी होती.

"काकाजी, हे डाळ शिजत नाई. बदलून द्या."

"माह्याच दुकानाची कशावरून? चिठ्ठी दाखव, सूनबाई."

"तुमी देली असती तं दाखवली असती."

गिऱ्हाइकं हसली. काकाजी तापला. "पानी खारं अन् बोल माह्या डाळीले!"

"पानी गोड्या विहिरीचं हाये. तुमच्या घरी येते तेच."

"मंग हात..." म्हणता म्हणता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

"बोला ना," ही म्हणाली. "असन बी माह्या हाताचा दोष. तेच तं पाहाले आलो. माही डाळ ठेवा बाजूले. तुमच्या पोत्यातली मूठभर काढा, पानी तुमचं घ्या, आन काकूच्या हातानं शिजवा. शिजली तं मी गुपचाप घरी जातो."

मी चाटच पडलो. आमची डाळ कुठून आणली, हा सवालच तिने निकाली काढला होता. पोत्यातली शिजते का, तेवढं बोला.

काकाजी काही बोलायच्या आत पडद्यामागून आवाज आला, "शिजवाची काई गरज नाई!" काकू हात पुसत बाहेर आली. "मी त्याच पोत्यातली रांधून राहिलो ना! भिजू घालून पाह्यली, सोडा टाकून पाह्यला. आन हा बाबा ताटावरून उठते, म्हंते, म्हातारपनी तुह्या हातातलं वरन गेलं!"

एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकाजी, घरवालीले तरी चिठ्ठी देली होती का?"

काकाजीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग दुसरं पोतं फोडून डाळ मोजू लागला. बायकोने फडकं पुढे केलंच नाही.

"पयले शिजते का ते पाहू द्या."

काकूने मूठभर आत नेली. आम्ही पायरीवर बसलो. ती डाळ लोण्यासारखी शिजली. तेव्हा कुठे हिने फडकं सोडलं.

"माहं काय आता?" काकाजी पोत्याकडे पाहत म्हणाला. "अकोल्याच्या अडत्यानं मले तरी कुठी चिठ्ठी देली?"

"हा गंज घेऊन जा अडत्याकडं," ही म्हणाली. "आन काकूलेबी न्या."

काकूला नेलं की नाही माहीत नाही. पण गंज घासूनपुसून आमच्या घरी आला, आणि ते पोतं दुकानात पुन्हा दिसलं नाही.

तेच दुकान, तोच अडत्या, मग त्या एकाच पोत्यातली डाळ काहून शिजत नसेल? ती मला रोज विचारायची. मी जिनात विचारून यायचो. कोणी म्हणे जुनी असेल, कोणी म्हणे पावसात भिजून वाळलेली असेल. तिला एकही उत्तर पटलं नाही.

दिवाळीला सासरे आले. आईने त्यांना वरणभात वाढला. दुकानातली हकीकत तिने स्वतःच सांगितली, तीही अशी की जणू तिनेच सुनेला धाडलं होतं! ते लेकीला घेऊन निघाले तेव्हा आई म्हणाली, "भाऊबीज झाली का लवकर धाडा इले. इथी वरन कोन करन?"

मोटारीपर्यंत मी पोचवायला गेलो. बायकोने हळूच विचारलं, "आईले माह्या हातचं वरन खरंच आवडते का जी?"

"मले काय मालूम," मी म्हणालो. "वापस आल्यावर इचार."

तिने विचारलं की नाही, ते मला कळलं नाही. आता दोघीही नाहीत.